शेजाऱ्याची हजेरी

"दोन शाळांना मिळून एक घंटा पुरंल की," आबासाहेब म्हणाले आणि त्यांनी चहा बशीत ओतला.

"घंटा पुरेल," औंधकर सर म्हणाले. "खुर्चीही एकच आहे, त्याचं काय?"

संस्थेच्या ऑफिसात आम्ही तिघंच होतो. आबासाहेब मोहिते संस्थेचे चिटणीस. सर प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक आणि मी, मंदाकिनी शेडगे, शिशुशाळेची मुख्याध्यापिका. शिरटेकला एकाच आवारात या दोन शाळा होत्या. मधे कमरेएवढी भिंत आणि भिंतीत एक लाकडी फाटक. फाटकाच्या अलीकडे माझी बिगरी, पहिली आणि दुसरी. पलीकडे सरांची तिसरी, चौथी. पट दोन्हीकडे घसरत चालला होता आणि जिल्ह्याहून हुकूम आला होता की जूनपासून एक शाळा, एक मुख्याध्यापक. नाहीतर दोन्हींचं अनुदान थांबेल.

"तुमी दोघं शाणी माणसं," आबासाहेब म्हणाले. "आपसांत ठरवा. मला सुट्टी लागायच्या आत कागद पायजे."

"यात ठरवायचं काय?" मी म्हणाले. "या संस्थेत माझी नोकरी सरांच्या आधीची आहे."

"या संस्थेत," सर म्हणाले. "त्याआधी मी दुसरीकडे सहा वर्षं काढली आहेत. ती धरली तर मी ज्येष्ठ."

"ती धरत नाहीत."

"धरतात की नाही ते जिल्ह्याला विचारू. तिथं समाधान नाही झालं तर आणखी वर विचारू."

आबासाहेबांनी बशी खाली ठेवली. "आणि तोवर?"

"तोवर जसं आहे तसं," सर म्हणाले. "वाद चालू असेपर्यंत जिल्हा अनुदानाला हात लावत नाही."

सर असेच बोलत. कमी, हळू आणि पुढच्याला उत्तर सुचू नये अशा बेतानं. पण मीही काही कच्च्या गुरूची चेली नव्हते. आमची आई म्हणायची, ही जन्मली तेव्हा पहिलं रडलीसुद्धा स्वतःच्या मर्जीनं. ऑफिसातून बाहेर पडले तेव्हा मी मनात अर्जाचा मसुदा करत होते. कायदा माझ्या बाजूचा होता आणि खुर्ची मी सोडणार नव्हते.

फाटकापाशी हौसाबाई कासारीण उभी होती. बांगड्यांची पेटी जमिनीवर, पदर कमरेला खोचलेला. तिचा आवाज तीन गल्ल्या ऐकू जायचा, पण त्या दिवशी ती हळू बोलली.

"बाई, औंदा तरी व्हईल का पोरीचं?"

पोरगी म्हणजे शालन. घरी चिमणीसारखी चिवचिवायची. बापाच्या नकला करायची, गिऱ्हाइकांना भाव सांगायची. शाळेचं दार दिसलं की तोंडाला कुलूप. पाटीवर लिहायला सांगा, सगळ्यांच्या आधी लिहून मोकळी. बोलायला सांगा, तर नजर पायाच्या अंगठ्यावर. माझ्याकडे त्यानं काही अडत नव्हतं. अडायचं ते पलीकडे.

कारण तिसरीत घेण्याआधी सर तोंडी परीक्षा घेत. माझ्या दुसरीतली मुलं दर वर्षी फाटकातून पलीकडे जात, एकेक करून सरांच्या टेबलासमोर उभी राहत, नाव सांगत, पाढे म्हणत, एक उतारा वाचत. शालन दोनदा तिथं उभी राहिली होती. सरांनी तिला पाणी दिलं, बसायला स्टूल दिलं, बाकीची मुलं बाहेर काढली, वाट पाहिली. सर काही दुष्ट माणूस नव्हते. पण तिच्या तोंडून ओ की ठो निघालं नाही. दोन्ही वेळा त्यांनी स्वतः तिला फाटकापर्यंत आणून सोडलं.

मी भांडले होते. तेव्हा सर म्हणाले होते, "मुलगी हुशार आहे, मला दिसतंय. म्हणूनच अडवतो. मी आज सोडलं, पण जग सोडणार आहे का तिला?"

आणि शालन दुसरीतच राहिली. दहा वर्षांची, वर्गात सगळ्यांहून उंच, मागच्या पट्टीवर गुडघे पोटाशी घेऊन बसायची.

"औंदा बी न्हाई झालं," हौसाबाई म्हणाली, "तर मी तिला घरी ठिवनार. घरी कशाला, माझ्यासंगं बाजाराला येईल. बारक्या पोरांत बसून बसून कुबड आलंय तिला. तिचा बा तर म्हनतोय, आत्ताच काढ."

"यंदा होईल."

"कशावरनं?"

"मी सांगते म्हणून."

हौसाबाईनं माझ्याकडे पाहिलं, मग पेटी उचलली. "तुमी सांगता म्हनून थांबते," ती म्हणाली. "दुसरं कुनी असतं तर न्हाई थांबले असते."

शब्द तोंडातून गेला आणि मग मी हिशेब केला. मी खुर्चीसाठी भांडणार, म्हणजे कागद जिल्ह्याला जाणार. तिथून वर जाणार. दोन वर्षं कुठं गेली नाहीत. तोवर भिंत तशीच राहणार, फाटक तसंच, आणि सरांची तोंडीही तशीच. दोन वर्षांनी मी जिंकले असते आणि तेव्हा शालन कुठल्याशा आठवडी बाजारात बांगड्यांची पेटी राखत बसली असती. वेगळ्या शाळांत वरच्या वर्गाला प्रवेश घ्यावा लागतो. एका शाळेत नुसतं वर जायचं असतं. मला हे कुणी सांगायला नको होतं, पण भांडायच्या भरात दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी फाटकातून पलीकडे गेले. सर वर्गात एकटेच पेपर तपासत बसले होते.

"सर, खुर्ची तुमची."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "बदल्यात?"

"तोंडी बंद. जूनपासून शाळा एक. माझ्या दुसरीतली सगळी पास मुलं तिसरीत. सरसकट."

"कासारांची मुलगीसुद्धा."

"तिच्यासाठीच."

सरांनी पेपरांचा गठ्ठा बाजूला सारला. "बाई," मग ते म्हणाले, "तुम्ही जिल्ह्याला गेला असतात तर खुर्ची बहुधा तुम्हालाच मिळाली असती. मला ठाऊक आहे."

"मलाही ठाऊक आहे."

"एका मुलीसाठी?"

"तुम्ही हो म्हणताय की नाही?"

"मी शब्द दिला की पाळतो. तोंडी घेणार नाही. पण तिसरीचा वर्ग माझा. वर्गातले नियम माझे. त्यात तुम्ही पडायचं नाही."

"कबूल," मी म्हणाले. घाईनंच म्हणाले.

घरी कळल्यावर नवऱ्यानं जेवता जेवता हात जोडले. "हातचं सोडून पळत्याच्या पाठी," तो म्हणाला. मी त्याला भात वाढला. त्याचं खोटं नव्हतं, पण मी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते.

जूनमध्ये दोन शाळांची एक झाली आणि कळलं की शाळा म्हणजे निम्मं सामानसुमानच असतं. दोन घंटा, दोन सरस्वत्या, दोन रांजण, दोन घड्याळं आणि दोन्हींची वेळ वेगळी. सरांची सरस्वती वीणा घेतलेली, गंभीर. आमची जरा हसरी, तिच्या मोराला मुलांनी खडूनं डोळे काढलेले. कुठली भिंतीवर लावायची यावर शिक्षक दोन दिवस कुजबुजले. शेवटी दोन्ही लावल्या. भिंत पाडायला गवंडी आले तेव्हा बिगरीतली मुलं ढिगाऱ्यावर चढून घसरगुंडी करू लागली. फाटक आबासाहेबांनी घरी नेलं, गोठ्याला लावायला. ऑफिसात सरांचं मोठं टेबल आलं आणि त्याच्या डाव्या अंगाला माझी खुर्ची. गावात अजून मोठ्या बाई म्हणत असले तरी आता मी सहशिक्षिका होते. हे लागलं का? लागलं. रोज सकाळी त्या खुर्चीत बसताना लागायचं.

शालन तिसरीत बसली. हौसाबाईनं शाळेच्या पायरीवर नारळ फोडला आणि सगळ्या बायांच्या, पोरींच्या हातात हिरव्या बांगड्या चढवल्या. मला वाटलं, झालं.

माझी दुसरी आणि सरांची तिसरी यांच्यात आता नुसती एक पातळ भिंत होती. पहिल्या दिवशी माझ्या कानावर आलं.

"कासार शालन महादेव."

शांतता. मग एक बारका, घोगरा आवाज. जुबेदाचा. जुबेदा मुलाणी वर्षभर शालनच्या शेजारी बसलेली. "आलीय, सर. आज नवी रिबीन आहे तिला."

वर्ग हसला. वाड्यांवरच्या शाळांतून नव्यानं आलेली मुलं हसली असणार, आमची कशाला हसतील.

"तुझं नाव कासार आहे का?" सरांचा आवाज.

"नाही सर."

"मग खाली बस. इथं ज्याचं नाव, त्याचं तोंड. कासार शालन महादेव." जरा वेळानं, "गैरहजर."

मुलगी समोर बसली होती. ढळढळीत समोर, पुढच्या पट्टीवर. आणि रोज तेच होऊ लागलं. सर नाव घेत, थांबत, सगळ्या मुलांपेक्षा तिच्यासाठी जास्त थांबत आणि मग म्हणत, गैरहजर. त्यानंतर तासभर तिची वही तपासत, शाबासकी लिहीत. त्या गैरहजर मुलीची गणितं रोज बरोबर येत होती.

मी ऑफिसात गेले. "सर, समोर बसलेली मुलगी गैरहजर कशी?"

"तोंडी मी घेतलेली नाही. शब्द पाळला आहे."

"ही तोंडीच आहे."

"नाही. ही हजेरी आहे. तीन अक्षरं आहेत बाई, ह, ज, र. पाढा नाही, उतारा नाही. इतकंही मागायचं नाही का कुणी तिच्याकडे? तुम्ही दुसरीत वर्षानुवर्षं तिच्या वतीनं बोलत राहिलात. ती कशाला बोलेल?"

"आणि असंच चाललं तर?"

"महिनाभर सलग गैरहजर असली की नाव कमी होतं. तो नियम मी केलेला नाही."

"पण चालवताय तुम्ही."

"हो," सर म्हणाले. "ती बोलेल म्हणून चालवतोय."

मला त्यांचा इतका राग आला की त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट हातात घेऊन मी परत ठेवला. पण वर्गात पडायचं नाही, असं मीच कबूल केलं होतं. मुलांना चढवून देणं मला जमलं असतं. जुबेदाच्या कानात एक वाक्य सांगितलं की पुरे होतं. ते मी केलं नाही. करायचं ते सरांशी करायचं, पोरांच्या आडून नाही.

"मग एक करा," मी म्हणाले. "उद्या सकाळी माझ्या दुसरीत या. हजेरी कशी घेतो ते बघा. मुख्याध्यापक म्हणून या, तुम्हाला कोण अडवतंय."

सर आले. दाराशी उभे राहिले, हात मागे बांधून.

आमच्याकडे हजेरी नावाच्या मुलानं द्यायची नसे. शेजाऱ्यानं द्यायची. माझ्या आधीच्या मुख्याध्यापिका काशीताई, त्यांनी ही रीत पाडली होती. बिगरीतल्या मुलाला स्वतःचं शाळेतलं नाव माहीतच नसतं. घरी तो बाळ्या किंवा पिंट्या, आणि शाळेत अचानक जगन्नाथ. नाव घेतलं की तो चारी बाजूंना बघतो, हा जगन्नाथ कोण. पण शेजारी कोण बसलंय हे प्रत्येकाला माहीत असतं. म्हणून ताईंनी शेजाऱ्याला विचारायला सुरुवात केली. मग मुलं आपसूक त्यात भर घालू लागली.

"सुतार वसंत," मी म्हणाले.

"आलाय, बाई. त्याचा दात पडलाय. खिशात आहे."

"भोई रखमा."

"आलीय. सकाळी मार खाल्लाय तिनं, पण आता हसतीय."

"गायकवाड गणपत."

"नाही आला, बाई. त्यांची म्हैस व्यायलीय. उद्या खरवस आणणार आहे, सगळ्यांना."

"सगळ्यांना पुरणार नाही," मागून कुणीतरी म्हणालं.

मी सरांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं, असं मला वाटलं. मग ते म्हणाले, "करमणूक चांगली आहे," आणि त्यांच्या वर्गात गेले. मिनिटभरात भिंतीपलीकडून आवाज आला. कासार शालन महादेव. शांतता. गैरहजर.

माझा पुरता विरस झाला. शालननं मात्र एक दिवसही शाळा बुडवली नाही. पाऊस असो, नसो, सगळ्यांच्या आधी येऊन ती बसलेली असे. हट्टात ती माझ्याहून कमी नव्हती, आणि सरांहूनही नाही.

महिना भरत आला. सरांनी आदल्या दिवशी ऑफिसात स्वतःच मला सांगितलं, "उद्या शेवटचं. मला बरं वाटत नाही यात, पण उद्या शेवटचं." त्या दिवशी घरी माझी जाऊ पाहुणी आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा चहा, पोरांचे डबे, घरभर माणसं. मी कशीतरी वेणी घालून पायांत चपला सरकवल्या आणि जवळजवळ पळतच शाळा गाठली. ऑफिसात न जाता तशीच तिसरीच्या दाराशी जाऊन उभी राहिले. पडायचं नव्हतं. पण बघायला कुणाची बंदी नव्हती.

सरांनी मला पाहिलं आणि हजेरी सुरू केली.

"कासार शालन महादेव."

शालननं मान वर केली. नेहमीसारखी अंगठ्याकडे नव्हती पाहत, सरांकडे पाहत होती. ओठ घट्ट. जुबेदानं या वेळी काही म्हटलं नाही, तिला मनाई होती. सर थांबले. बाहेर कुणीतरी रांजणातून पाणी काढत होतं, तांब्याचा आवाज येत होता.

"गैरहजर," सर म्हणाले. नावं पुढं सरकली. कुंभार, गुरव, जाधव. सगळे उठून म्हणत होते, हजर सर.

"मुलाणी जुबेदा दस्तगीर."

कुणी बोललं नाही.

"मुलाणी."

जुबेदा जागची हलली नाही.

"जुबेदा, तू समोर बसली आहेस ना?"

जुबेदा उठली. परकराची कड मुठीत धरलेली. "माझी हजेरी शालन देणार, सर."

"ज्याचं नाव, त्याचं—"

"मला दुसरीत तीच शेजारी होती. पण तिनं सांगायची वेळ आली की बाई तिला सोडून पुढं जायच्या आणि माझी हजेरी पलीकडची सुली द्यायची. ती एकदा पण देत नव्हती." तिला दम लागला. "आज तिनं द्यायची. नाही दिली तर मला पण गैरहजर मांडा."

हे मी कुणाला शिकवलं नव्हतं. आणि ती बोलली ते खरं होतं. शालनपाशी मी थांबत नसे, तिला त्रास नको म्हणून. मला वाटायचं, हीच माया.

सरांचं पेन वहीवर होतं. "बरं," ते म्हणाले. "देऊ दे तिला."

वर्ग शालनकडे वळला. तिचे कान लाल झाले. माझ्यानं राहवेना. "सर, राहू दे, मी सांगते—" असं म्हणायला माझं तोंड उघडलंच होतं. सरांनी माझ्याकडे न पाहता डावा हात वर केला. "थांबा, बाई."

मी थांबले. सगळेच थांबले. शालन उठली. जुबेदापेक्षा ती वीतभर उंच. तिनं जुबेदाचं मनगट धरलं, आधी एका हातानं, मग दोन्ही हातांनी, आणि तो हात वर उचलला. इतका वर की जुबेदाला टाचा उचलाव्या लागल्या. दोघींच्या हिरव्या बांगड्या किणकिणत कोपरापर्यंत घसरल्या. शालन बोलली नाही. पण तिनं हात खालीही घेतला नाही. सरांकडे बघत, तशीच धरून उभी राहिली.

"मुलाणी जुबेदा," सर हळू म्हणाले, "हजर."

त्यांनी लिहिलं. मग पेन थांबलं. जुबेदा अजून टाचांवरच होती. ती म्हणाली, "आणि सर, शालन पण आलीय. तिनंच धरलाय माझा हात."

या वेळी वाड्यांवरची मुलंही हसली नाहीत. सर वहीकडे बघत राहिले. सर तर्काचा माणूस. चुकीचं गणित त्यांना वहीत ठेवता येत नसे, मग ते स्वतःचं का असेना.

"गैरहजर मुलगी दुसऱ्याची हजेरी देऊ शकत नाही," ते म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही. "आणि तिनं दिली आहे. मी ती मांडली आहे." त्यांनी वर पाहिलं. "खाली बसा दोघी. कासार शालन महादेव, हजर."

मग वर्गासमोरच त्यांनी मागचे सगळे खाने एकेक करून दुरुस्त केले आणि प्रत्येक दुरुस्तीवर सही केली. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. डोळे भरून आले होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

लोक विचारतात, मग ती बोलली का. त्या दिवशी नाही बोलली. त्या वर्षीही नाही. चौथीत असताना एका मंगळवारी ती सरांना म्हणाली, "फळा कोरडा होऊ द्या, अक्षर उमटत नाही." सरांनी म्हणे मान डोलावली आणि फळा कोरडा होईपर्यंत थांबले. आज बाजारपेठेत तिचं बांगड्यांचं दुकान आहे. गिऱ्हाइकांशी घासाघीस करते तेव्हा तिचा आवाज आईच्या वरताण असतो.

पण मला सांगायचं आहे ते त्याच दिवशीचं, मधल्या सुट्टीतलं.

ऑफिसात आबासाहेब येऊन बसले होते. शिक्षकांचं मस्टर तपासायची त्यांना हौस. शाळा भरली की ते कधीमधी येत आणि ज्याची सही नसेल त्याच्या खान्यात लाल फुली मारत. सर आपल्या टेबलाशी चहा पीत होते, मी डावीकडे माझ्या खुर्चीत.

"शेडगेबाई," आबासाहेब म्हणाले, "तुमची सही न्हाई."

माझ्या ध्यानात आलं. सकाळी मी ऑफिसात आलेच नव्हते. "विसरले," मी म्हणाले.

"आता इसरलं म्हंजे गेलं. नियम सगळ्यांना सारखा. तुमीच कागदावर सही केलीया, एक शाळा, एक नियम." त्यांनी लाल पेन काढलं.

"बाई हजर आहेत," सर म्हणाले.

आबासाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. "त्यांना तोंड हाय की, सर. त्या बोलतील."

"तोंड आहे, आणि चांगलं आहे," सर म्हणाले. त्यांनी कप खाली ठेवला. "पण त्यांच्या शेजारी मी बसतो. म्हणून मी सांगतो. शाळा भरली तेव्हा बाई तिसरीच्या दारात उभ्या होत्या. तेव्हापासून त्या हजर आहेत."

आबासाहेबांना काही समजलं नाही. ते लाल पेन हातात धरून बसले. सरांनी मस्टर स्वतःकडे ओढून माझ्यापुढं सरकवलं, पेन उघडून दिलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"शिवाय," ते म्हणाले, "आज त्यांच्या दोन पायांत दोन वेगळ्या चपला आहेत."

मी खाली पाहिलं. खरंच होतं. एक माझी होती आणि एक जावेची.